पारड्याखाली

बाजारामागच्या गल्लीत काटेकाकांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते आपलं सवयीने. खरं तर ती एक लांबट खोली आहे, तिच्यात माणसापेक्षा काट्यांनाच जागा जास्त. भिंतीला टांगलेले स्प्रिंगचे काटे, फळीवर ओळीने इलेक्ट्रॉनिक काटे, कोपऱ्यात पोती मोजायचा जमिनीवरचा मोठा काटा, आणि खिळ्याला लटकलेला वडिलांच्या वेळचा एक पितळी तराजू. या सगळ्याच्या मधोमध एका मजबूत खुर्चीत काका बसलेले असत. मजबूत हे मुद्दाम सांगितलं, कारण आधीच्या दोन खुर्च्यांनी त्यांच्याखाली मान टाकली होती.

काट्याच्या बाबतीत माणूस एकदम सरळ. कुणी दुकानदार डोळा मारून म्हणाला, की काका, जरा आपल्या बाजूला झुकता ठेवा, तर काका त्याचा काटा न उघडताच परत करत. पण माणसाचं ज्या गोष्टीत डोकं चालतं तीच गोष्ट त्याला सगळीकडे दिसायला लागते, तसं काकांचं झालं होतं. राग आणि लोभ, उन्हाळा आणि हिवाळा, नवरा आणि बायको, सगळं त्यांच्या लेखी दोन पारडी. एक खाली गेलं की दुसरं वर आलंच पाहिजे. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही झोपेतही काहीतरी मोजत असता." ते म्हणायचे, "जग चाललंय तेच मुळी तराजूवर, मी काय करू?"

हा तराजू एक दिवस त्यांच्या यकृतात शिरला, आणि घोटाळा तिथून सुरू झाला.

काकांची आई गेली तेव्हा तिचं पोट पाण्याने फुगलेलं होतं आणि डोळे पिवळे झाले होते. ती गेल्यावर डॉक्टरांनी दोन्ही मुलांना, म्हणजे काकांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला, रक्त तपासायला बोलावलं. दोघांच्याही रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. जन्माच्या वेळीच आईकडून आलेला. डॉक्टर म्हणाले, बाळाच्या शरीराला शत्रू-मित्र कळत नाही, ते या विषाणूला घरचाच समजून यकृतात बिऱ्हाड करू देतं, आणि मग तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका कपातून चहा प्यायल्याने तो पसरत नाही. काकूंचं रक्त तपासलं, त्यांना लस दिली, तो प्रश्न मिटला.

काकांचा विषाणू झोपलेला निघाला. औषध नको, सहा महिन्यांनी तपासायला या, एवढंच. बहिणीचा मात्र चांगला टक्क जागा होता. तिला रोज एक गोळी, आणि ती कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतील तेव्हाच. "म्हणजे लग्न न करताच माझी जन्माची गाठ पडली," ती तेव्हा म्हणाली होती, आणि दोघं भावंडं दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून हसली होती. आईला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

बहिणीला काका चिमणी म्हणत. लहानपणी ती चिमणीएवढं खायची म्हणून पडलेलं नाव. पुढे ती शाळेची बस चालवायला लागली तरी टिकलं. एवढ्याशा अंगाची बाई एवढं मोठं स्टिअरिंग फिरवताना पाहून रस्त्यावरची माणसं वळून बघत. बसमधली मुलं तिला बसमावशी म्हणत आणि तिच्यासमोर दंगा करायची त्यांची टाप नव्हती.

आता तराजूची गोष्ट. एका तपासणीच्या वेळी सोनोग्राफीत काकांच्या यकृतात चरबी दिसली. पोट सुटलेलंच होतं, रक्तातली साखर वर सरकत होती, त्यामुळे कुणाला आश्चर्य वाटलं नाही. त्याच खेपेला रक्ताचा रिपोर्ट आला, आणि विषाणूचा आकडा आधीपेक्षाही खाली गेलेला. दवाखान्यातला तरुण डॉक्टर दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाला, "गंमत असते बघा. यकृतात चरबी असली की विषाणूचा आकडा कधीकधी कमी दिसतो. पण..."

पुढे तो बराच वेळ बोलला. काका मात्र तोवर शर्टाची बटणं लावायला लागले होते. त्यांना हवं ते मिळालं होतं. हवं ते मिळाल्यावर पुढचं ऐकत बसणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

दुकानावरच्या घरी येऊन त्यांनी काकूंना दोन्ही हातांचे पंजे पसरून दाखवलं. "हे बघ. या पारड्यात चरबी, या पारड्यात विषाणू. हे जड झालं की ते हलकं. साधा हिशोब आहे."

"अहो, ते तुमचं यकृत आहे, दुकान नाही."

"डॉक्टरच म्हणाले."

"डॉक्टर म्हणाले, लोणी खा?"

"तसं स्पष्ट नाही म्हणाले. सुचवलं."

त्या दिवसापासून काकांच्या खाण्याला औषधाचा मान आला. पावावर लोण्याचा थर चढला, चहात साखर वाढली, तळलेल्या बटाट्यांची बशी भरून यायला लागली. काकू डोळे वटारत, काका पोटावर हात ठेवून म्हणत, "पथ्य चाललंय." बाजारातही त्यांनी हा शोध सांगून टाकला. काका गमत्या माणूस, लोक हसले आणि विसरले. चिमणीपुढे तर ते दर भेटीला शेखी मिरवत. "तू बघ, गोळ्या गिळून सुकत चाललीस. मी खाऊन पिऊन त्याला उपाशी मारतोय." ती म्हणायची, "दादा, तू बोलतोस ते ऐकून विषाणूलाही हसू येत असेल."

असं सगळं हसण्यावारी चाललेलं असताना चिमणी एका दुपारी दुकानात आली. सकाळची फेरी संपली होती, मुलं परत आणायला अजून अवकाश होता. तिने येताना दोन कागदी कपांतून चहा आणला आणि स्टुलावर बसून राहिली. आपला चहा तिने ओठाला लावलाच नाही.

"काय गं? बसने दावं तोडलं की काय?"

"माझी गोळ्यांची डबी पडली खिशातून. गॅरेजमध्ये. दुसऱ्या पाळीच्या ड्रायव्हरने उचलून दिली. नाव वाचलं असणार त्याने, शोधलं असणार." ती जरा थांबली. "आता बस ताब्यात घेताना आधी स्टिअरिंग पुसतो रे. फडक्याने. माझ्यासमोर."

 त्या ड्रायव्हरचा गळा धरावा असं काकांना खरोखर वाटलं.

"इतकी वर्षं रोज सकाळी ती गोळी," चिमणी म्हणाली. "रोज सकाळी उठून आधी हेच आठवायचं, की मला आईचं दुखणं आहे. दादा, तू काहीच घेत नाहीस. तुझा आकडा नावालाही उरलेला नाही. खरं सांग, मीही वजन वाढवलं तर? मग गोळी सोडली तर चालेल?"

हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा होता, तिच्या दादाला नव्हे, आणि एवढं कळायला कुणी शहाणा लागत नाही. काकांनाही ते कळलं असतं. पण त्या क्षणी त्यांना फक्त बहिणीचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा हसावा एवढीच त्यांची इच्छा होती. बहीण रडवेली झाली की तिला हसवायचं, हे काम ते तिच्या पाळण्यापासून करत आले होते.

"चालेल म्हणजे? पळेल! तुला हत्तीण करून सोडतो, चिमणे. मग गोळ्यांना म्हणावं, या आता बायांनो, तुमचं काही काम नाही."

ती हसली. चहा थंड झाला होता तरी प्यायली. जाताना दारातून वळून म्हणाली, "दादा, बरं वाटलं." काकांना मग दिवसभर स्वतःचाच अभिमान वाटत राहिला.

महिना उलटून गेला आणि काकांची तपासणीची वेळ आली. तरुण डॉक्टर दुसरीकडे बदलून गेला होता. त्याच्या खुर्चीत आता एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या, कमी बोलणाऱ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी काकांना एका नव्या यंत्रापाशी झोपवलं. बरगड्यांमध्ये यंत्राची कांडी टेकवून त्या बटण दाबत होत्या आणि कुणीतरी आतलं दार ठोठावल्यासारखा हलका धक्का बसत होता. यकृत किती कडक झालंय ते याने कळतं, असं त्यांनी सांगितलं. काका मजेत होते. मोजमाप म्हटलं की त्यांना बरंच वाटे.

बाईंनी आकडा पाहिला, पुन्हा एकदा कांडी टेकवली, पुन्हा पाहिला.

"यकृतात वण पडलेत. बऱ्यापैकी. शेवटची पायरी नाही, पण सुरुवातही म्हणता येणार नाही."

"असं कसं होईल? विषाणूचा आकडा तर कमी आहे."

"विषाणूचा कमी आहे. म्हणून यकृत ठीक आहे, हे कुणी सांगितलं?"

"चरबी त्याला दाबून ठेवते ना? तुमच्याच आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणाले ते? पूर्ण सांगा."

काकांनी आठवून सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. 'पण'पाशी येऊन ते थांबले.

"पुढे?"

"पुढे मी शर्टाची बटणं लावत होतो."

बाई हसल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून बसल्या. "मग मी सांगते पुढचं. चरबी असली की आकडा कमी दिसतो, काही जणांत दिसतो, आणि तो का ते आम्हालाही अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण यकृत एकच आहे. विषाणू त्याला त्याच्या पद्धतीने जखमा करतो, चरबी तिच्या पद्धतीने. वर तुमची साखर वाढलेली, वजन हे एवढं. सगळं एकत्र आलं की वण लवकर पडतात, आणि कर्करोगाची भीतीही वाढते. ते एकमेकांना खात नाहीत. दोघं मिळून तुम्हाला खातात."

त्यांनी सांगायचं ते सगळं सांगितलं. वजन उतरवायचं, गोड आणि तळण बंद, रोज चालायचं, दारूचा थेंब नको, आणि आता काकांनीही रोज गोळी सुरू करायची. काका मान डोलावत होते. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. इतक्या मोठ्या बातमीनंतर माणसाने आधी स्वतःच्या जिवाचा विचार करावा, पण काकांना सारखा एकच प्रश्न टोचत होता: चिमणीला काय सांगू?

दुकानाशी आले तर पिठाच्या दुकानाचा मालक त्याचा काटा मांडीवर घेऊन वाट बघत बसलेला. "काका, हा कमी दाखवतोय. पोतं रिकामं होतं आणि पैसे निम्म्या पोत्याचे येतात. गिऱ्हाईक मात्र भलतं खूश आहे माझ्यावर."

काकांनी यांत्रिकपणे काटा घेतला, वरचं ताट उचललं. खाली पिठाचा थर जमून दगडासारखा झाला होता. वर्षानुवर्षं सांडलेलं, दमट हवेने घट्ट बसलेलं. वर जड माल ठेवला की ताट खाली जायचं आणि या थरावर टेकायचं. अर्धा भार ती घाणच पेलायची. मोजणाऱ्या पट्टीपर्यंत तो पोचायचाच नाही, मग आकडा कमी दिसणार नाही तर काय? काकांनी स्क्रू ढिले करून सांगाडा उपसला. खालच्या बाजूने तो वाकला होता, आणि एका कोपऱ्यात बारीक तडा गेला होता.

"एवढा कसा बिघडला?" पीठवाला म्हणाला. "आकडा तर कमीच दाखवत होता."

हे असले काटे काकांनी आयुष्यात किती उघडले असतील त्याची गणती नाही. कुणी ते आणलं की ते दुकानदाराला झापायचे, आकडा कमी म्हणजे वजन कमी नव्हे रे बाबा, वजन आहे तेवढंच आहे, ते कुठे बसतंय ते बघ. आणि दोन वर्षं ते स्वतःच्या पोटाकडे मात्र खिळ्यावरच्या पितळी तराजूच्या हिशोबाने बघत राहिले होते. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की पीठवाल्याकडे मान वर करून पाहवेना. "उद्या ये," एवढंच म्हणाले.

पीठवाला गेल्यावर त्यांनी चिमणीला फोन लावला. तिचा आवाज नेहमीपेक्षा मोकळा होता. "दादा, बरोब्बर वेळेला फोन केलास! लोणी लावून पाव खातेय बघ. वजन वाढलंय माझं. रविवारी येतेच आहे जेवायला, वहिनीला सांग भरपूर कर."

आणि काका काय म्हणाले? "छान," म्हणाले. "ये." आता या माणसाला काय म्हणावं? त्यांचा इरादा वाईट नव्हता. फोनवर नको, समोरासमोर सांगू, रविवार काही लांब नाही, असं त्यांनी मनाला समजावलं. खरी गोष्ट अशी, की तो मोकळा आवाज आपल्या हाताने बंद करायची त्यांची छाती झाली नाही. तोपर्यंत त्यांनी काकूंनाही काही सांगितलं नाही. फक्त पावाला लोणी लावायचं बंद केलं. "पोट बिघडलंय," म्हणाले, आणि काकू दोन वर्षांत पहिल्यांदा निर्धास्त झाल्या.

रविवारी चिमणी आली. गालांवर जरा भर आली होती आणि ती त्यावर खूश होती. काकूंनी वाढलं, तिने पुन्हा मागून घेतलं. काका ताटातलं नुसतं चिवडत होते. शेवटी त्यांनी धीर करून सुरुवात केली.

"चिमणे, ती गोळी मात्र सोडू नकोस हं."

चिमणीला हसू फुटलं. "ऐक वहिनी, कोण बोलतंय! पथ्यवाले काका!"

"नाही गं, खरंच सांगतोय. ते तराजूबिराजू सगळं झूट आहे."

"हो, हो. आणि तू उद्यापासून पळायला जाणार आहेस." दोघी नणंद-भावजया हसत सुटल्या. जन्मभर थट्टा केलेल्या माणसाने एक दिवस खरं बोलायचं ठरवलं तर त्याची ही अशी पंचाईत होते. कितीही चेहरा पाडला तरी लोक पुढच्या विनोदाची वाट बघत बसतात.

काका उठले. "खाली चल दुकानात. काहीतरी दाखवायचंय."

पिठाच्या काट्याचे भाग अजून टेबलावर तसेच पडलेले होते. काकांनी तो थर तिच्यापुढे ठेवला, वाकलेला सांगाडा ठेवला, तडा गेलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. काटा कमी का दाखवत होता ते सांगितलं. आणि मग शर्ट वर करून, बरगडीवर जिथे कांडी टेकवली होती तिथे हात ठेवून म्हणाले, "हे असं माझ्या आत झालंय. वण पडलेत, चिमणे. आकडा कमी होता आणि खाली सगळं वाकत होतं. डॉक्टरने मला तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि न ऐकता तुला शिकवत बसलो."

चिमणी आता हसत नव्हती. तिने तो पिठाचा थर हातात घेतला, उलटा केला, परत ठेवला.

"तुला काय होणार आहे, दादा?"

"मला आता गोळी. आणि उपास. माझं सोड. मी तुला सांगायला उशीर केला. परवा फोनवरच सांगायचं होतं. तू अजून सोडली नाहीस ना?"

चिमणीने नजर टेबलावरच ठेवली.

"चिमणे?"

"त्याच दिवशी सोडली," ती म्हणाली. "तुझ्याकडून निघाले ना, चहा पिऊन. बसपाशी पोचले आणि डबी कचऱ्याच्या पेटीत टाकली."

वर काकू भांडी घासत होत्या, त्याचा आवाज खाली येत होता. काका त्यांच्या मजबूत खुर्चीत बसले. रडायला त्यांना येत नव्हतं, सवय नव्हती, त्यामुळे ते फारच वेडंवाकडं रडले. आणि हसवायचं काम त्या दिवशी चिमणीला करावं लागलं. "अरे खुर्ची मोडेल, दादा," ती म्हणाली, आणि मग तिलाही आवाज आवरेना.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरबाईंसमोर बसली. काकू बाहेर बाकावर. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्या काकांशी एक अक्षर बोलत नव्हत्या. बाईंनी चिमणीचे डोळे पाहिले, पोट चाचपलं, जुने कागद चाळले.

"गोळी सोडायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," चिमणी पटकन म्हणाली. "माझंच डोकं फिरलं होतं."

तिने भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांना तिथेच गप्प राहता आलं असतं. तिने दोष स्वतःवर घेतला होता, त्यांना फक्त तो तिच्यावर राहू द्यायचा होता.

"मी सांगितलं," काका म्हणाले. "मी तिला म्हणालो, गोळीची गरज नाही. हिचा दोष नाही यात."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, कुणालाही न रागावता रक्त काढायला पाठवलं, आणि रिपोर्ट आल्यावर पुन्हा बोलावलं. विषाणू उसळून वर आला होता. यकृताला सूज होती, कावीळ अजून नव्हती. गोळी त्याच दिवशी सुरू झाली. बस बंद, विश्रांती, दर आठवड्याला रक्ताची तपासणी. थकवा वाढला, डोळे पिवळे वाटले, तर तडक निघून यायचं.

"वेळेत आलात असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "पण हातातून गेलंय असंही नाही. आता एकही गोळी चुकायला नको."

चिमणी उठली. काका मात्र बसूनच राहिले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. तुमचं बोलून झालं का, ते बघतोय."

"झालं."

"मग उठतो," काका म्हणाले.

त्यानंतर काकांनी एक काम अंगावर घेतलं. चिमणीचं घर पुलापलीकडे, चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते पायी तिकडे जायचे. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच धाप लागून पायरीवर बसले, आणि जिन्यावरून उतरणाऱ्या एका म्हातारबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं. चिमणीपाशी पोचले की खिशातून स्वतःची डबी काढायची, तिची डबी तिने काढायची, आणि दोघांनी एकमेकांसमोर गोळी गिळायची. मग थोडं बसून काका परत चालायला लागायचे. घरी काकू आता त्यांच्याशी बोलायला लागल्या होत्या, पण ताटात जे वाढायच्या त्यावरून राग पुरता गेलेला नाही हे दिसत होतं. उकडलेल्या भाज्या बघून काका एकदा कण्हले, तेव्हा काकू म्हणाल्या, "पथ्य चाललंय."

चिमणीचे सुरुवातीचे रिपोर्ट वाईट आले. पहिला आला त्या दिवशी काकांनी दुकान उघडलंच नाही. नुसते बाजारातून फिरत राहिले, कुणी हाक मारली तरी थांबले नाहीत. पुढचा थोडा बरा आला, त्याच्या पुढचा आणखी बरा. सूज हळूहळू ओसरली, आणि एक दिवस डॉक्टरबाईंनी तिला बस चालवायची परवानगी दिली. पहिल्याच दिवशी पाळी संपल्यावर दुसरा ड्रायव्हर फडकं घेऊन आला. चिमणी स्टिअरिंगवरून हात काढत त्याला म्हणाली, "पुसून काही होत नाही, भाऊ, आणि न पुसूनही काही होत नाही. फारच भीती वाटत असेल तर लस मिळते. माझ्या वहिनीने घेतलीय, ती माझ्या ताटात जेवते." त्याने फडकं खिशात घातलं.

काकांचं येणं मात्र थांबलं नाही. आता तिची फेरी लवकर असायची, म्हणून तेही लवकर निघायचे. पोट थोडं उतरलं होतं, पट्ट्याला आतलं भोक पाडावं लागलं होतं. वण जातील का, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. थोडे भरून येतात कधीकधी, वाट बघू, एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

अशाच एका सकाळी काका वर पोचले, तेव्हा चिमणी गणवेश घालून तयार होती. दोन ग्लास पाणी टेबलावर भरून ठेवलेलं. काकांनी डबी काढली. तिने काढली नाही.

"दादा, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"मी रागवायचं? या घरात?"

"मला माहीत होतं." ती ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "गोळी मनाने सोडायची नाही, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तुझ्या त्या तराजूवर माझा कधीच विश्वास नव्हता. तू काहीही बोलतोस, ते काय मला ठाऊक नाही?"

काकांनी हातातली डबी खाली ठेवली. "मग टाकलीस कशाला?"

"कुणीतरी एकदा मला म्हणायला हवं होतं, की तुला काही झालेलं नाही. तुझं आईसारखं होणार नाही. डॉक्टर म्हणत नाहीत, ते म्हणतात बघू. तू म्हणालास." तिचा आवाज बारीक झाला. "तू म्हणालास ना, म्हणून मी खरं धरलं. खोटं आहे हे कळत होतं तरी. आता पुन्हा म्हण ना, दादा. होणार नाही म्हण."

खाली रस्त्यावर एक गाडी सुरू होऊन निघून गेली. काकांच्या जिभेवर नेहमीसारखं काहीतरी आलं होतं. हत्तिणीचं, चिमणीचं, असंच काहीतरी, जे ऐकून ती हसली असती. ते त्यांनी गिळलं. फार जड गेलं.

"मला माहीत नाही, चिमणे," ते म्हणाले. "होईल की नाही, खरंच माहीत नाही. पण मी रोज येईन."

त्यांनी तिचा ग्लास उचलून तिच्यापुढे धरला. तो तिने घेतला. मग तिने खिशातून डबी काढली.